पायघड्या कुणासाठी?

परदेशात आपल्या माणसाचं जंगी स्वागत झालं की त्याचा अर्थ लावायला आपल्याला वेळ लागत नाही. मान मिळाला! तोफांची सलामी किती झाली, गालिचा किती लांब होता, यजमान विमानतळावर स्वतः आला की मंत्र्याला धाडलं, निरोप द्यायला गाडीपर्यंत आला की पायरीवरूनच परतला, यावर चर्चा झडतात. रील्स निघतात. ‘बघा, कसं झुकवलं’ असा निकालही संध्याकाळपर्यंत लागतो. त्या भेटीत कुठल्या कागदावर सह्या झाल्या आणि त्यात काय लिहिलं होतं, हे मात्र त्या चर्चेतल्या फार थोड्यांना सांगता येतं.

मला या सवयीशी भांडायचं आहे. आजच्या एखाद्या नेत्याचं उदाहरण घेऊन ते भांडण काढलं, तर दोन मिनिटांत गाडी पक्षांवर घसरेल. म्हणून साडेतीनशे वर्षं मागे जाऊ, फ्रान्सच्या दरबारात. स्वागताचा थाट हे राज्य चालवण्याचं हत्यार कसं असतं, हे तिथल्याइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसतं.

माझं म्हणणं साधं आहे. दरबारी स्वागत यजमान स्वतःसाठी करतो. पाहुणा हा त्या सोहळ्याच्या सामानातला एक नग असतो; फार तर सगळ्यात महागडा नग.

*

१ सप्टेंबर १६८६. पॅरिसजवळचं व्हर्साय. चौदाव्या लुईच्या राजवाड्यातलं आरसेमहाल दालन: ७३ मीटर लांब, ३५७ आरसे, बांधून पुरं होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. एका टोकाला उंच चौथऱ्यावर चांदीचं सिंहासन. दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं उभे असलेले हजार-दीड हजार दरबारी. दुसऱ्या टोकाकडून सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, तीन राजदूत येतात. प्रमुखाचं नाव कोसा पान. डोक्यावर शंकूसारख्या उंच टोप्या, हात जोडलेले. थोडं चालतात, लवतात, पुन्हा चालतात, पुन्हा लवतात. परत जाताना राजाकडे पाठ होऊ नये म्हणून उलट्या पावलांनी जातात.

या एका दिवसाची चित्रं निघाली, दिनदर्शिकांवर छापली गेली. ‘मर्क्युर गालां’ या तेव्हाच्या फ्रेंच नियतकालिकानं या राजदूतांच्या प्रवासावर स्वतंत्र खंडच काढले. ब्रेस्ट या ज्या बंदरात ते उतरले, तिथल्या मोठ्या रस्त्याचं नाव आजही ‘रू द सियाम’, म्हणजे सयाम रस्ता आहे. ‘सियामवाझ’ नावाच्या कापडाची फॅशन आली. आजच्या भाषेत, सोहळा व्हायरल झाला.

आता पाहुण्यांच्या बाजूनं बघा. त्यांनी सयामचा राजा नाराय (हे नाव म्हणजे आपलं ‘नारायण’च) याचं सोन्याच्या पत्र्यावर कोरलेलं पत्र आणलं होतं. त्यांच्या लेखी ते पत्र म्हणजे साक्षात त्यांचा राजा. त्याच्यापेक्षा उंच जागी कुणी राहायचं नाही. मुक्कामातही पत्र सगळ्यात वर ठेवायचं आणि त्यापुढे नमायचं. त्यांचं वाकणं, हात जोडणं, उलट पावलांनी जाणं हे सगळं त्यांच्या दरबारातल्या रीतीप्रमाणे होतं. त्यात एक राजा दुसऱ्या राजाला बरोबरीनं भेटत होता.

दालनातल्या दरबाऱ्यांना यातलं काय दिसलं? पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाहून माणसं आली आणि आमच्या राजासमोर लोळण घेतली. छापील चित्रांनी हाच अर्थ घरोघर पोचवला. एकच कृती, तिचे दोन अर्थ. पण छापखाना यजमानाच्या गावात होता, म्हणून टिकला तो यजमानाचा अर्थ. पाहुणा कितीही ताठ मानेनं आला असला, तरी चित्र काढणारा कुणाचा नोकर आहे यावर त्याची मान किती वाकलेली दिसणार हे ठरतं.

*

हे अपघातानं घडत नव्हतं. त्यासाठी खातं होतं. राजदूतांना दरबारात आणण्यासाठी फ्रान्समध्ये एक खास अधिकारी असे. कुठल्या राज्याचा दूत, कुठल्या दर्जाचा, त्याला घ्यायला कोणाची बग्गी पाठवायची, कुठल्या पायरीवर कुणी सामोरं जायचं, पहारेकऱ्यांनी शस्त्रं हातात घेऊन उभं राहायचं की नाही, राजानं टोपी कधी काढायची, हे सगळं ठरलेलं. व्हर्सायमध्ये एक भव्य जिनाच ‘राजदूतांचा जिना’ म्हणून ओळखला जाई. त्याच्या भिंतींवर जगाच्या चारही खंडांतले लोक सज्ज्यांतून खाली वाकून बघतायत, अशी चित्रं होती. म्हणजे खरा दूत जिना चढायच्या आधीच, जग आपल्याकडे कौतुकानं बघतंय, हे राजानं भिंतीवर रंगवून ठेवलं होतं. येणाऱ्यानं त्या चित्रात फक्त जागा भरायची.

या पायऱ्या आणि बग्ग्या किती गंभीर मामला होता, याचा एक नमुना १६६१ सालचा आहे. लंडनमध्ये स्वीडनचा नवा राजदूत उतरणार होता. रीतीप्रमाणे इतर देशांचे दूत आपापल्या बग्ग्या मिरवणुकीला पाठवणार होते. प्रश्न एवढाच, की इंग्लंडच्या राजाच्या बग्गीमागे पहिली बग्गी कुणाची? फ्रान्सची की स्पेनची? यावरून भर रस्त्यात तलवारी उपसल्या गेल्या, माणसं आणि घोडे मेले. स्पेनवाल्यांनी आधीच तयारी केली होती. घोड्यांचे पट्टे कुणाला कापता येऊ नयेत म्हणून त्यांत चामड्याखाली लोखंडी साखळ्या घातल्या होत्या. लंडनच्या सॅम्युएल पीप्सनं आपल्या रोजनिशीत हे नोंदवून ठेवलंय. स्पेनची बग्गी पुढे गेली. तरुण लुईनं थेट युद्धाची धमकी दिली. पुढच्या वर्षी, २४ मार्च १६६२ रोजी, स्पेनच्या दूताला पॅरिसमध्ये इतर देशांच्या दूतांदेखत सांगावं लागलं की यापुढे आमचे लोक अशी स्पर्धा करणार नाहीत.

लुई तिथेच थांबला नाही. त्यानं त्या माफीचं पदक पाडलं. आणि पुढे आरसेमहालाच्या छतावर जी चित्रं रंगवून घेतली, त्यांत एक या प्रसंगाचं आहे. सयामचे दूत चालत होते तेव्हा त्यांच्या डोक्यावर आदल्या पिढीतल्या दुसऱ्या दूताची मानहानी रंगवलेली होती. हे दालन पाहुण्यांच्या सोयीसाठी सजवलेलं होतं, असं अजूनही कुणाला म्हणायचं असेल तर त्यानं मान वर करून बघावं.

*

याच दालनात सयामच्या आधी वर्षभर, १५ मे १६८५ रोजी, आणखी एक पाहुणा आला होता: इटलीतल्या जिनोआ या प्रजासत्ताकाचा प्रमुख, म्हणजे डोज. आदल्या वर्षी फ्रेंच आरमारानं जिनोआवर तोफगोळ्यांचा वर्षाव करून शहराची राखरांगोळी केली होती. त्या शहराच्या कायद्यानुसार डोजनं शहर सोडलं तर त्याचं पद जातं. लुईनं अट घातली की यायचं, माफी मागायची, आणि पदही सोडायचं नाही. कारण माजी डोज वाकला तर चित्रात मजा नाही. डोज आला. त्याचं आदरातिथ्य उत्तम झालं, राजवाडा फिरवून दाखवला गेला. इथं सगळ्यात नवल कशाचं वाटलं, असं विचारल्यावर ‘मी इथं आहे याचं’ असं तो म्हणाला, अशी आख्यायिका आहे.

सिंहासन तेच, आरसे तेच, थाटही जवळपास तसाच. एकदा ज्याचं शहर बेचिराख केलं त्याच्यासाठी, एकदा ज्याच्याशी मैत्री हवी त्याच्यासाठी. थाट हा जर मानाचं माप असता तर या दोन पाहुण्यांत काही फरक दिसायला हवा होता.

थाटाचा उपयोग यजमानाला काय, हे फेब्रुवारी १७१५मध्ये आणखी उघडं पडलं. लुई तेव्हा ७६ वर्षांचा होता. दीर्घ युद्धानं खजिना खंक झालेला, राजाच्या तब्येतीबद्दल कुजबुज सुरू झालेली. अशात इराणचा दूत मोहम्मद रझा बेग आला. लुईनं काळा-सोनेरी पोशाख घातला. त्यावर जडवलेल्या हिऱ्यांची किंमत सव्वाकोट लिव्र असल्याचं सांगितलं जाई. पोशाख इतका जड, की जेवणानंतर म्हाताऱ्याला तो बदलावा लागला. शेजारी पाच वर्षांचा पणतू, म्हणजे पुढचा राजा. दूतानं आणलेला नजराणा दरबाराला अगदीच किरकोळ वाटला. सँ-सिमाँ या दरबाऱ्यानं तर आपल्या आठवणींत, हा माणूस खरा राजदूत आहे का, अशीच शंका घेतली. (आजचे इतिहासकार तो इराणकडूनच आला होता असं मानतात.) पण त्या दिवशी त्यानं काहीच बिघडत नव्हतं. राजा जिवंत आहे, उभा राहू शकतो, हिरे पेलू शकतो, हे फ्रान्सला दाखवायला निमित्त हवं होतं, ते मिळालं. १ सप्टेंबरला लुई वारला. सयामच्या भेटीला त्या दिवशी बरोबर २९ वर्षं झाली होती.

आणि पाहुणा मनासारखा वागला नाही तर? तेही आधी घडलं होतं. १६६९मध्ये तुर्की सुलतानाचा दूत सुलेमान आगा आला. लुईनं त्याच्यासाठीही हिरे ल्याले. नंतर लक्षात आलं, की हा पूर्ण दर्जाचा राजदूतच नाही. शिवाय तो डोळे दिपल्याचं दाखवायलाही तयार नव्हता. दरबाराची फजिती झाली. पुढच्या वर्षी मोलिएर आणि संगीतकार ल्युली यांनी राजासाठी एक नाटक केलं. त्यात एका श्रीमंत, भोळसट माणसाला खोट्या तुर्की समारंभात खोटी पदवी दिली जाते आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. दरबारात जे जमलं नाही ते रंगभूमीवर वसूल केलं. पाहुणा दिपला तर चित्र काढायचं, नाही दिपला तर नाटक लिहायचं.

*

आता पाहुण्यांच्या पदरात काय पडलं ते बघू.

सयामचा राजा नाराय मूर्ख नव्हता. त्याच्या आजूबाजूच्या समुद्रात डचांचा जोर वाढत होता आणि तोलाला एक दूरचा मित्र त्याला हवा होता. मार्च १६८७मध्ये कोसा पान आणि मंडळी मायदेशी निघाली, तेव्हा त्यांच्यासोबत फ्रान्सनं पाच जहाजं पाठवली. त्यांवर भेटवस्तू होत्या, पाद्री होते, आणि सहाशेहून अधिक सैनिक होते. बँकॉक आणि मेर्गुई ही मोक्याची ठाणी फ्रेंचांना हवी होती. बँकॉक राजीखुशीनं मिळालं नाही तर बळानं घ्यावं, अशा सूचना होत्या. आरसेमहालातल्या त्या दिवसाला सात महिनेही उलटले नव्हते.

फ्रेंच शिबंदी बँकॉकला येऊन बसली. सयामी सरदार खवळले. १६८८मध्ये नाराय आजारी पडताच फेत्राचा या सरदारानं सत्ता हातात घेतली. फ्रेंचांशी जवळीक वाढवणारा नारायचा ग्रीक मंत्री फॉल्कन मारला गेला, बँकॉकच्या किल्ल्याला वेढा पडला आणि वर्ष संपायच्या आत फ्रेंच सैन्याला देश सोडावा लागला. नव्या राजवटीत परराष्ट्र व्यवहार कुणाकडे आले? कोसा पानकडे. व्हर्साय डोळ्यांनी बघून आलेल्या माणसाकडे. त्यानं थाट बघितला होता आणि त्यामागून आलेली जहाजंही.

आणि ते चांदीचं सिंहासन? १६८९मध्ये युद्धाला पैसे कमी पडले, तेव्हा लुईनं व्हर्सायमधलं चांदीचं सामान वितळवून नाणी पाडली. सिंहासनही त्यात गेलं.

*

एका उदाहरणाचा आपल्याशीही संबंध आहे. १७८७मध्ये म्हैसूरच्या टिपू सुलतानानं तीन दूत फ्रान्सला पाठवले: मुहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहम्मद उस्मान खान. टिपूचं मराठे आणि निजाम यांच्याशी युद्ध नुकतंच संपलं होतं आणि इंग्रजांशी पुढचं युद्ध त्याला दिसत होतं. त्याला फ्रेंचांशी लष्करी करार हवा होता, कारागीर हवे होते.

१० ऑगस्ट १७८८ रोजी सोळाव्या लुईनं व्हर्सायमध्ये त्यांची भेट घेतली. थाटात. पॅरिसच्या रस्त्यांवर त्यांना बघायला गर्दी लोटायची. राणीची आवडती चित्रकार विजे-लब्रँ हिनं दरवेश खानचं पूर्णाकृती चित्र काढलं. सेव्रच्या कारखान्यातली चिनी मातीची भांडी भेट मिळाली.

आता तारखा बघा. ८ ऑगस्टला राजानं जाहीर केलं, की पुढच्या वर्षी देशाच्या प्रतिनिधींची महासभा बोलवावी लागेल. १० ऑगस्टला दूतांची भेट. १६ ऑगस्टला सरकारी तिजोरीनं देणी थांबवली. राज्य दिवाळखोरीत निघायच्या सहा दिवस आधी दरबार साम्राज्याच्या रुबाबात बसला होता. टिपूला करार मिळाला नाही. चारच वर्षांत इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र आले. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्या मोहिमेत होते. १७९२च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूचं जवळपास अर्धं राज्य गेलं. फ्रान्सचा एक शिपाई आला नाही. टिपूबद्दल तुमचं मत काहीही असो, दुसऱ्याच्या थाटावर विश्वास ठेवून पदरात काय पडतं, हे त्यावरून समजायला हरकत नाही.

विजे-लब्रँचं ते चित्र मात्र २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सत्तर लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेलं. वकिलातीतून अखेर नफा झाला. पण म्हैसूरला नाही.

*

याला दोन बाजूंनी विरोध होईल, ते मला माहीत आहे.

पहिला विरोध सुसंस्कृत आहे. आजची संग्रहालयं या भेटींना ‘संस्कृतींची भेट’ म्हणतात. सुंदर पोशाख, सुंदर भांडी, परस्परांविषयीचं कुतूहल. कुतूहल खरं होतं, मी नाकारत नाही. पण ज्या भेटीमागून सहाशे सैनिक येतात तिला नुसती ‘संस्कृतींची भेट’ म्हणणं म्हणजे लग्नाच्या अल्बममध्ये हुंड्याची बोलणी न दाखवणं. काचेच्या कपाटात भांडी मांडणारी संग्रहालयं त्याच भिंतीवर जहाजांचा नकाशा लावत नाहीत तोवर ती लुईचंच काम पुढे चालवतायत.

दुसरा विरोध आपल्या घरचा आहे. ‘मान-मरातब म्हणजे काहीच नाही का? रायगडावर इंग्रज वकील झुकला, त्याचा अभिमान बाळगायचा नाही?’ जरूर बाळगा. पण गोष्ट पूर्ण वाचा. १६७४मध्ये हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाला हजर होता, त्यानं लवून मुजरा केला, नजराणा दिला. तो आला होता राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मिळवायला. मुजरा करून तो कामाला लागला आणि बरीचशी कलमं पदरात पाडून मुंबईला परतला. महाराजांनी तरी काय केलं? दरबार थाटात भरवला, पण मुजऱ्यावर खूश होऊन हवं ते देऊन टाकलं नाही. फुटलेल्या जहाजांवरच्या मालाचं इंग्रजांचं कलम त्यांनी मान्य केलं नाही. मुजरा वेगळा आणि कलम वेगळं, हे त्या दोघांनाही कळत होतं. आपण मात्र मुजऱ्याचं चित्र भिंतीवर लावलं आणि कलमं विसरलो. महाराजांचा मोठेपणा त्या नाकारलेल्या कलमातही आहे, पण त्याचं कुणी चित्र काढलं नाही.

म्हणजे समारंभ पोकळ होता असं माझं म्हणणं नाही. पोकळ असता तर बग्गीच्या जागेवरून माणसं मेली नसती. समारंभ खरा होता म्हणूनच तो कुणाच्या हातात आहे हे बघावं लागतं. १८७१मध्ये फ्रान्सला हरवल्यावर जर्मनांनी आपलं साम्राज्य बर्लिनमध्ये जाहीर केलं नाही. ते त्याच आरसेमहालात येऊन उभे राहिले, लुईच्या विजयांच्या चित्रांखाली. १९१९मध्ये फ्रान्सनं जर्मनांना तहावर सही करायला मुद्दाम त्याच दालनात बोलावलं. आजही फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष खास पाहुण्यांना व्हर्सायला नेतात. २०१७मध्ये पुतिन तिथं होते, २०२३मध्ये इंग्लंडचे राजे चार्ल्स आरसेमहालात जेवले. दालनाचं काम बदललेलं नाही. व्हिडिओ तेवढा आता तुमच्या खिशात येतो.

म्हणून पुढच्या वेळी असा व्हिडिओ समोर आला तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी विचारा. कॅमेरा कुणाचा आहे? समोर बसलेले प्रेक्षक कोण आहेत? आणि कागदावर काय लिहिलंय? पहिल्या दोहोंची उत्तरं व्हिडिओतच सापडतात. तिसऱ्यासाठी थोडं वाचावं लागतं, आणि ते वाचायचा कंटाळा आपल्याला येणार यावरच सगळा थाट उभा असतो.

सयामच्या नजराण्यात चांदीनं मढवलेल्या दोन तोफा होत्या. शतकभर त्या राजाच्या सामानखान्यात शोभेला पडून होत्या. जुलै १७८९मध्ये पॅरिसच्या लोकांनी सामानखाना फोडून त्या बाहेर काढल्या आणि बास्तीच्या तुरुंगासमोर नेऊन उभ्या केल्या. एवढ्या भेटवस्तूंमधली कामाला आलेली वस्तू ती हीच. ती वापरणाऱ्यांना तिच्या थाटाचं काही पडलं नव्हतं.